घरातली यंत्रं : धूसर आकडे आणि वाकलेली पिन



मागच्या महिन्यात वाणगावला आपाकडे दोन दिवस राहून आलो. डहाणू लोकलने बोईसर सोडलं की पुढचंच स्टेशन. थंडीचे दिवस, म्हणजे तिकडे ढोबळी मिरचीचा हंगाम. वाडीवाडीतून माल निघतो, टेम्पो भरतात आणि रात्री उशिरापर्यंत हिशेब चालतात. त्या हिशेबांपैकी थोडे आता आपाच्या घरातही होतात. तिची सून कॉमर्स शिकलेली आहे. एका व्यापाऱ्याकडच्या वजनाच्या चिठ्ठ्यांचे फोटो रोज संध्याकाळी तिच्या फोनवर येतात. ती ते लॅपटॉपवर घेते आणि एक्सेलमध्ये नोंदी करते. कोणत्या शेतकऱ्याचा किती किलो माल आला, एवढंच काम. पण त्या नोंदीवरूनच दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला पैसे मिळतात.

जेवणं झाल्यावर आपा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जरा तिच्याशी बोल. रोज डोकं दुखतं तिचं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात नंबर नाही. परवा तर एका माणसाचं वजन चुकीचं लिहिलं. अडतीस किलोचे तेहेतीस झाले. तो बिचारा चिठ्ठी घेऊन परत आला. मी म्हणते, हे काम सोडून दे. कुणाचा हक्क आपल्या हातून राहून गेला तर त्याचा हिशेब कोण देणार?"

आपाची काळजी खोटी नव्हती. पाच किलो मिरची म्हणजे फार मोठी रक्कम नसेल. पण ज्याने पहाटे उठून ती तोडली, त्याच्यासाठी ती त्याची मजुरी आहे.

मी सुनेच्या टेबलाशी गेलो. छोटा लॅपटॉप होता आणि शेजारी बावीस इंची मॉनिटर. भाच्याने तो मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, वापरलेला घेतला होता. बायकोला लहान पडद्यावर मान वाकवून काम करावं लागतं म्हणून दोन महिने पैसे बाजूला टाकून आणलेला. मॉनिटर चांगला होता, ओरखडासुद्धा नव्हता. पण त्यावरचं चित्र पाहिलं आणि माझेच डोळे चुरचुरले. अक्षरं आडवी पसरलेली, कडा पिंजलेल्या. चिठ्ठीवरचा इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. मराठी मजकूर उघडला, तर अनुस्वार आणि रफार मिळून एकच काळा ठिपका.

"बेटा, हे तुला असंच दिसतं का?" मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "मामू, पहिल्या दिवसापासून असंच दिसतं. मला वाटलं, मोठ्या स्क्रीनवर असंच दिसत असेल. मग वाटलं, माझ्याच डोळ्यांत काही असेल. ह्यांनी एवढ्या हौसेने आणलाय, त्यांना कसं सांगू?"

तर दुखणं डोळ्यांत नव्हतं, चित्रात होतं. हे दुखणं अनेक घरांत असतं, म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहितो.

पडद्याला स्वतःचं एक माप असतं

मॉनिटर म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, यावरून त्याचं रेझोल्युशन ठरतं. आपाच्या घरचा मॉनिटर १९२०×१०८० चा, म्हणजे फुल एचडी. त्यात एकूण २०,७३,६०० ठिपके. हे ठिपके कारखान्यात पक्के झालेले असतात. ते कमीही होत नाहीत, वाढतही नाहीत.

लॅपटॉपने नेमकं तेवढ्याच ठिपक्यांचं चित्र पाठवलं, तर प्रत्येक ठिपका आपापल्या जागी बसतो आणि अक्षर सुईसारखं धारदार दिसतं. लॅपटॉपने कमी ठिपक्यांचं चित्र पाठवलं, तर मॉनिटर ते ताणून पडदा भरतो. लहान अंगरखा मोठ्या माणसाला चढवावा तसा. शिवण कुठेतरी उसवणारच.

मी मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला. त्यात "इन्फर्मेशन" नावाची जागा असते. तिथे सध्या कोणतं चित्र आत येतंय ते लिहिलेलं असतं. लिहिलं होतं १०२४×७६८. म्हणजे ७,८६,४३२ ठिपक्यांचं चित्र वीस लाखांहून जास्त ठिपक्यांवर पसरलं होतं. एकेक ठिपका आडवा जवळजवळ पावणेदोन पटींहून जास्त ताणलेला आणि उभा सुमारे एक पूर्णांक चार पट. म्हणून गोल भाकरी लांबट दिसत होती आणि आकड्यांची पोटं एकमेकांत मिसळत होती.

तुम्हीही घरी ही परीक्षा करू शकता. पडद्यावर एखादं गोल चित्र उघडा आणि पट्टीने त्याची रुंदी व उंची मोजा. दोन्ही सारखी नसतील, तर रेझोल्युशन चुकलंय असं समजा. ही खूण मात्र एकाच बाजूने चालते. गोल नीट गोल दिसलं तरी चित्र धूसर असू शकतं, म्हणून मॉनिटरचा मेनू बघावाच.

लॅपटॉपला माप कळतं कसं?

तार जोडताच लॅपटॉप मॉनिटरला विचारतो, "तू कोण, तुझं माप काय?" मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिप असते. त्यात त्याची ओळख लिहिलेली असते : कंपनी, मॉडेल, कोणती रेझोल्युशनं चालतात, कोणतं सर्वांत योग्य. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटर बनवणाऱ्यांच्या व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली. मूळ ओळखपत्र फक्त १२८ बाइटचं, म्हणजे एखाद्या लहान एसएमएसएवढं. पण ते पोचलं नाही, तर लॅपटॉप अंदाजाने काम करतो. पाहुण्याचं माप माहीत नसलं की शिंपी जसं कुणालाही बसेल असं काहीतरी शिवतो, तसं लॅपटॉप १०२४×७६८ सारखं जुनं, सुरक्षित माप निवडतो. मग सेटिंगमध्ये योग्य आकडा यादीतच दिसत नाही आणि माणूस म्हणतो, "माझ्या लॅपटॉपला हे जमतच नाही."

सुनेच्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच झालं होतं. यादीत १९२०×१०८० नव्हतंच. म्हणजे ओळखपत्र वाटेतच हरवत होतं. आता वाट तपासायची होती.

लॅपटॉपला होतं एचडीएमआय. मॉनिटर जुना, त्यामुळे तार होती व्हीजीएची, निळ्या टोकाची. मध्ये दोघांना जोडणारा छोटा अडॅप्टर. व्हीजीए ही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली पद्धत. तिच्या टोकाला तीन ओळींत पाच-पाच अशा पंधरा पिना असतात. चित्राचे रंग काही पिनांतून जातात आणि ओळखपत्र जातं तिसऱ्या ओळीतल्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेतून. या दोनपैकी एक जरी बिघडली, तरी चित्र दिसतं पण माप कळत नाही. म्हणूनच हा बिघाड फसवा आहे. पडदा चालू दिसतो, त्यामुळे तारेवर कुणी संशय घेत नाही.

मी लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही बंद केले, मॉनिटरचा प्लग काढला आणि तार सोडवून टॉर्चखाली धरली. तिसऱ्या ओळीतली एक पिन आडवी झोपली होती. भाच्याला आठवलं, "मामू, जोडताना लाइट गेली होती. टेबलाच्या मागे हात घालून अंधारातच दाबली होती."

लेखनाच्या बारीक लेडच्या पेन्सिलचं पोकळ टोक असतं ना, ते त्या पिनेवर बसवून मी ती हळूहळू उभी केली. घाई केली तर पिन तुटते. मग तार पुन्हा जोडली, आधी मॉनिटर चालू केला, नंतर लॅपटॉप. यादी उघडली. सगळ्यात वर १९२०×१०८०, त्यापुढे "रेकमेंडेड". ते निवडलं आणि मॉनिटरवरचं "ऑटो" बटण एकदा दाबलं, म्हणजे व्हीजीएचं चित्र जागेवर बसतं.

सून काही क्षण बोललीच नाही. मग तिने ती चुकलेली चिठ्ठी पुन्हा उघडली. अडतीस. स्वच्छ अडतीस.

तुमच्या घरी असं झालं तर

या क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत.

१. मॉनिटरचं खरं माप शोधा. मागच्या चिकटपट्टीवर मॉडेल लिहिलेलं असतं. ते इंटरनेटवर टाकलं की रेझोल्युशन मिळतं.

२. विंडोज असेल तर मोकळ्या पडद्यावर उजवं बटण दाबून "डिस्प्ले सेटिंग्ज" उघडा. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. आधी मॉनिटरचा चौकोन निवडा. बरेच लोक इथेच चुकतात : बदल लॅपटॉपच्या पडद्याचा करतात आणि मॉनिटर होता तसाच राहतो. मग "डिस्प्ले रेझोल्युशन"मध्ये "रेकमेंडेड" लिहिलेलं निवडा.

३. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा. "डुप्लिकेट" निवडलेलं असेल, तर दोन्ही पडद्यांना एकच माप वाटून घ्यावं लागतं. लॅपटॉप १३६६×७६८ चा असला की मोठा मॉनिटरही बहुधा तेवढ्यावरच येतो. तिथे "एक्सटेंड" किंवा "सेकंड स्क्रीन ओन्ली" करा. कितीतरी घरांत दुखणं एवढ्यानेच जातं.

४. त्याच सेटिंगमध्ये खाली "अॅडव्हान्स्ड डिस्प्ले" असतं. तिथे "डेस्कटॉप मोड" आणि "अॅक्टिव्ह सिग्नल मोड" असे दोन आकडे दिसतात. ते वेगळे असतील, तर यादीत बरोबर माप दिसत असूनही तारेतून दुसरंच चित्र जात आहे.

५. योग्य माप यादीत नसेल, तर तार आणि अडॅप्टर बघा. पिना मोजताना दुसऱ्या ओळीतली नववी पिन मुळातच नसेल, तर घाबरू नका. कित्येक तारांना ती नसते. शेजाऱ्याकडची दुसरी तार लावून पाहणं ही सर्वांत स्वस्त परीक्षा.

६. विंडोज नव्याने टाकल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर "डिव्हाइस मॅनेजर"मध्ये "डिस्प्ले अडॅप्टर्स" उघडा. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" लिहिलेलं असलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून तो घ्या.

जुन्या मॉनिटरच्या मागे पांढऱ्या रंगाचं रुंद डीव्हीआय तोंड असेल, तर व्हीजीए सोडून द्या आणि एचडीएमआय-ते-डीव्हीआय अशी साधी तार घ्या. दोन्ही डिजिटल असल्यामुळे मध्ये रूपांतराची गरज पडत नाही. फक्त आवाज मात्र लॅपटॉपमधूनच ऐकावा लागतो. आपाकडच्या मॉनिटरला हे तोंड होतं. भाच्याला तशी तार आणायला सांगून आलो, कारण एकदा वाकलेली पिन कधीतरी दगा देतेच.

टीव्हीला जोडताना

मुलांचा अभ्यास किंवा एखादं व्याख्यान सगळ्यांनी मिळून बघायचं म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडतात. तेव्हा चित्राच्या चारी कडा कापल्या जातात आणि खालची पट्टी दिसत नाही. जुन्या काळी प्रसारणाच्या चित्राच्या कडा खराब असत, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा लपवत. ती सवय नव्या टीव्हीतही राहिली आहे. रिमोटवरून "पिक्चर साइज"मध्ये जा आणि "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा "फुल पिक्सेल" यांपैकी तुमच्या टीव्हीत जे असेल ते निवडा. लॅपटॉपचं रेझोल्युशन बदलू नका.

फोर-के टीव्हीवर माउसचा बाण अडखळत चालत असेल, तर तिथेही दोष माणसाचा नाही. जुन्या एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा जायला २०१३ मध्ये आलेलं २.० किंवा त्यानंतरचं एचडीएमआय लागतं, आणि ते लॅपटॉप, टीव्ही दोन्हींत हवं, तारही त्या ताकदीची हवी. ते नसेल तर १९२०×१०८० ठेवा, बाण पुन्हा सरळ चालेल. यूएसबी-सी घेतानाही विचारून घ्या. तोंड तसं दिसलं म्हणून प्रत्येकातून चित्र जातंच असं नाही.

अक्षर मोठं करायचंय? माप कमी करू नका

ही गोष्ट खास आपल्या वडीलधाऱ्यांसाठी. योग्य रेझोल्युशन केलं की अक्षरं स्वच्छ होतात, पण बारीक वाटू शकतात. मग अब्बा म्हणतात, "आधीचंच बरं होतं," आणि कुणीतरी रेझोल्युशन पुन्हा खाली आणतं. अक्षर मोठं होतं खरं, पण धूसरही होतं. योग्य मार्ग वेगळा आहे. रेझोल्युशन "रेकमेंडेड"वरच ठेवा आणि त्याच पानावर "स्केल" १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करा. ठिपके तेवढेच राहतात, अक्षर मात्र जास्त ठिपक्यांनी काढलं जातं. मोठंही होतं आणि स्वच्छही.

देवनागरीला याची गरज जास्त आहे. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार; खाली उकार, ऋकार. बोटाएवढ्या जागेत एवढी दाटी इंग्रजीत नाही. धूसर पडद्यावर "कर्म" आणि "कम" यांतला फरक डोळ्याने नाही, अंदाजाने ओळखावा लागतो. दिवसभर अंदाज करत राहिलं की डोकं दुखणारच.

आणि पडदा कितीही स्वच्छ झाला, तरी दर २० मिनिटांनी २० सेकंद नजर २० फूट लांब न्यावी. खिडकीबाहेरचं झाड असलं तर उत्तम. त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवणं टाळू नये.

शेवटी

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने एक काम केलं, जे मी सांगितलं नव्हतं. मागच्या महिनाभराच्या चिठ्ठ्या तिने नव्या स्वच्छ पडद्यावर पुन्हा तपासायला घेतल्या. दुपारपर्यंत आणखी दोन नोंदी सापडल्या. एकीत शेतकऱ्याचे कमी लागले होते, एकीत व्यापाऱ्याचे जास्त गेले होते. तिने दोन्ही व्यापाऱ्याला स्वतःहून कळवल्या. आपा दारात उभी राहून हे बघत होती. काम सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट संध्याकाळी चहा देताना ती मला म्हणाली, "मी तिला उगाच बोलले रे."

भाचा थोडा खजील झाला होता. "तू सांगायचंस ना," तो बायकोला म्हणाला. ती हसली. पण मला वाटतं, विचारायचं आपणही असतं. घरात कुणी रोज डोकं धरून बसत असेल, तर "जास्त बघू नकोस" म्हणण्याआधी दोन मिनिटं त्याच्या खुर्चीत बसावं आणि त्याला जे दिसतं ते आपणही बघावं. त्या घरात तीन महिने सगळे सुनेकडे बघत होते, तिच्या पडद्याकडे कुणीच बघितलं नव्हतं.

आज रात्री एवढं करा : घरात जोडलेला मॉनिटर किंवा टीव्ही असेल, तर त्याच्या मेनूत आत येणारं माप वाचा आणि मागच्या मॉडेलच्या मापाशी जुळतंय का बघा. जुळत नसेल तर वरच्या सहा पायऱ्या आहेतच.

पुढच्या महिन्यात घरातल्या वाय-फायबद्दल बोलू, इन्शाअल्लाह. तोवर खुदा हाफिज.